पितळी पुंगळी ताणते कुठे, फाटते कुठे: रायफलची काडतुसं नव्याने भरू लागलेल्यांसाठी

काडतूस पुन्हा भरताना गोळी नवी असते, दारू नवी असते, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) नवा असतो. जुनी असते ती एकटी पुंगळी, म्हणजे हे सगळं धरून ठेवणारं पितळी कवच. मागच्या प्रत्येक बाराचा ताण तिने सोसलेला असतो आणि पुढच्या बारालाही गॅस मागे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ न देण्याचं काम तिलाच करायचं असतं. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसासाठी ठरवलेली दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. एवढा दाब अडवणारी भिंत आतून झिजली असेल, तर ते बार उडवण्याआधी कळायला हवं. कळतंही, कारण पुंगळी अचानक क्वचितच तुटते. बहुतेक वेळा आधी खुणा दिसतात.

खुणा वाचायच्या म्हणजे दोन प्रश्न विचारायचे: तडा कुठे आहे, आणि तो आडवा आहे की उभा? बुडाजवळ पुंगळीभोवती गोल फिरणारी आडवी रेघ आणि तोंडाशी उभी गेलेली चीर यांची कारणं पूर्ण वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. नवशिके दोन्हींना ‘पितळ खराब आहे’ म्हणून एकाच डब्यात टाकतात, नव्या पुंगळ्या आणतात, आणि त्याही तशाच जातात. माझा अनुभव असा की बुडाजवळच्या ताणाचं मूळ बहुतेक वेळा प्रेसवर बसवलेल्या सायझिंग डायमध्ये (फुगलेली पुंगळी आवळून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) सापडतं. पितळ किंवा रायफल दोषी असण्याची वेळ त्या मानाने कमी येते.

काडतुसं घरी भरण्याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. ते आधी पाहून घ्या. परवानगी असेल तरच पुढचं वाचण्याला अर्थ आहे.

पुंगळी ताणते म्हणजे नेमकं काय होतं

पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं. हा मिश्रधातू लवचीक असतो, म्हणून दाबाने फुगून चेंबरला (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या पोकळीला) चिकटतो आणि दाब ओसरल्यावर किंचित आत येऊन सुटतो. बूड जाड आणि कडक असतं. वर जावं तशी भिंत पातळ होत जाते, मग खांदा (पुंगळी निमुळती होते तो उतार), मग मान, मग तोंड.

आता घोडा दाबल्यावर काय होतं ते क्रमाने बघा. फायरिंग पिनच्या ठोक्याने काडतूस पुढे ढकललं जातं, खांदा चेंबरच्या खांद्याला टेकेपर्यंत. दारू पेटते, दाब चढतो आणि पुढची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट धरून बसते. जाड बूड तसं फुगत नाही, त्यामुळे त्याला पकड नसते. दाब त्याला मागे रेटतो, बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडाला टेकेपर्यंत. पुढचा भाग जागेवर आणि बूड मागे सरकलेलं, म्हणजे मधलं पितळ ताणलंच पाहिजे. ते ताणतं जाड बूड संपून भिंत सुरू होते तिथे, खालच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटरच्या आत.

बूड आणि बोल्ट यांच्यातली ही मोकळीक दोन-तीन शतांश मिलिमीटर असेल तर पितळ ती सहज सोसतं. पाव मिलिमीटर असेल तर प्रत्येक बाराला तेवढा ताण. त्यात तुम्ही दर वेळी सायझिंग करताना खांदा पुन्हा तेवढाच मागे दाबत असाल, तर तीच जागा परत परत ताणली जाते. आतून खोबण पडत जाते आणि एक दिवस बूड वेगळं होतं.

पहिली पायरी: साफ करा, वेगळं करा

तपासणी फक्त रिकाम्या, उडवलेल्या पुंगळ्यांची. टेबलावर भरलेलं एकही काडतूस नको, आणि डोळ्यांवर चष्मा हवा. जुना प्रायमर काढून टाका. पुढे मापं घेताना बाहेर आलेला किंवा कडा उचललेला प्रायमर माप चुकवतो.

पुंगळ्यांचे गट पाडा: एकाच कंपनीच्या, एकाच खेपेच्या, तितक्याच वेळा उडवलेल्या एका डब्यात. हे कंटाळवाणं वाटतं, पण निदानाचा अर्धा भाग इथेच होतो. एका पुंगळीत दोष सापडला की तिच्यासोबतच्या बाकीच्यांबद्दल काहीतरी कळतं. सगळ्या मिसळलेल्या असतील तर काहीच कळत नाही.

साफ करताना अमोनिया असलेलं पितळ-पॉलिश कधीही वापरू नका. याला मोठा इतिहास आहे. ब्रिटिश फौजांच्या हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली जात आणि पावसाळा संपल्यावर अनेक पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले सापडत, विशेषतः गोळी आवळून धरलेल्या जागी. त्यामागचं कारण मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये उलगडलं: घोड्यांच्या मूत्रातून येणारा अमोनिया आणि पितळात आधीच दबून असलेला ताण. नळीतलं तांबं काढायच्या काही सॉल्व्हंटमध्येही अमोनिया असतो. नळी साफ केल्यावर चेंबर कोरडं पुसून घ्यायचं ते याही कारणासाठी.

आम्लाच्या पाण्यात जास्त वेळ राहिलेल्या पुंगळीवर गुलाबी डाग दिसतात. तिथलं जस्त निघून गेलेलं असतं आणि मागे कमजोर तांबं उरतं. अशी पुंगळी ठेवू नका.

दुसरी पायरी: बाहेरून बघा

खिडकीच्या उजेडात पुंगळी बोटांत धरून हळूहळू फिरवा. बुडाच्या वर एक चकचकीत पट्टा जवळजवळ प्रत्येक पुंगळीवर दिसतो आणि नवशिके इथेच घाबरतात. डाय जिथपर्यंत पोहोचतो तिथे त्याची कड पितळाला घासून रुंद, सारखा, गुळगुळीत पट्टा उमटवते. तो निरुपद्रवी आहे.

धोक्याची रेघ वेगळी असते. ती बारीक असते, कडा धारदार असतात, आजूबाजूच्या पितळापेक्षा फिकट किंवा उजळ दिसते, आणि सुरुवातीला पूर्ण गोल न फिरता एका बाजूलाच असते. नख फिरवलं तर कधी किंचित खड्डा लागतो. तिच्या काठाने काळी काजळी दिसली तर शंका घेण्यासारखं काही उरलेलं नाही. गॅस तिथून बाहेर आला आहे.

पण बाहेर रेघ दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. त्यामुळे बाहेरून स्वच्छ दिसते म्हणून पुंगळी पास करू नका.

तिसरी पायरी: तारेचा आकडा

सगळ्या तपासणीत हीच पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तिला लागते फक्त एक कागदाची टाचणी-क्लिप. ती सरळ करा, एका टोकाला दोन-तीन मिलिमीटर काटकोनात वाकवा आणि ते टोक कानशीने घासून टोकदार करा. आकडा पुंगळीच्या तळाला टेकवा, भिंतीला हलकंसं दाबून धरा आणि सावकाश वर ओढा.

निरोगी पुंगळीत टोक जाड तळावरून भिंतीवर एकसारखं, न अडखळता सरकतं. खोबण असेल तर बूड संपतं तिथे टोक खाली घसरतं, आणि पुढे जाताना कडेला अडकतं. पुंगळी पाव पाव फिरवून चारी बाजूंनी बघा, कारण खोबण एकाच बाजूला असू शकते. आधी एका कोऱ्या, न उडवलेल्या पुंगळीत आकडा फिरवून हाताला सवय करून घ्या. कोऱ्या पितळाचा स्पर्श माहीत नसेल तर तळाजवळचा नैसर्गिक गोलावाच खोबण वाटतो.

हात जोराने दाबू नका. टोक पितळाला ओरखडा काढायला लागलं तर स्पर्श कळत नाही.

अडखळ लागली की ती पुंगळी बाद. ‘अजून एकदा चालेल’ असं पुष्कळ जण म्हणतात. मी म्हणणार नाही. बाद केलेल्या पुंगळीचं तोंड पक्कडीने चेपून टाका, म्हणजे ती चुकून परत डब्यात जात नाही.

चौथी पायरी: एक पुंगळी कापून बघा

आकडा काय सांगतोय याची खात्री नसेल तर गटातली सर्वांत संशयास्पद पुंगळी बळी द्या. प्रायमर काढलेला असल्याची पुन्हा खात्री करा, वाइसमध्ये धरा आणि बारीक दातांच्या हॅकसॉने उभी, मधोमध कापा. कापलेली कड कानशीने आणि मग बारीक पॉलिशपेपरने गुळगुळीत करा. आता भिंतीचा छेद डोळ्यासमोर असतो: तळाकडे जाड, वर निमुळता. ताणलेल्या पुंगळीत जाड भागाच्या लगेच वर भिंत अचानक बारीक होते आणि पुन्हा नेहमीच्या जाडीवर येते. एकदा हे चित्र बघितलं की आकड्याच्या टोकाला काय लागत होतं ते कायमचं लक्षात राहतं.

कापलेल्या पुंगळीत खोबण निघाली तर तितक्याच वेळा उडवलेला सगळा गट संशयित धरा. सगळ्या फेकाव्यात असं नाही, पण प्रत्येकीत आकडा फिरल्याशिवाय एकही भरू नका.

पाचवी पायरी: डायची मांडणी

आता मूळ कारणाकडे. बऱ्याच डायच्या कागदावर लिहिलेलं असतं की डाय शेलहोल्डरला (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत फिरवा आणि वर थोडासा आणखी फिरवा. ही सूचना कोणत्याही रायफलमध्ये काडतूस बसावं म्हणून दिलेली असते. तुमच्या चेंबरला खांदा किती मागे हवा आहे हे त्या कागदाला माहीत नसतं. नेहमीच्या डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एक पूर्ण फेरा सुमारे १.८१ मिलिमीटर. फेऱ्याचा आठवा भाग जवळपास ०.२३ मिलिमीटर होतो. हाताला किरकोळ वाटणारी ती हालचाल पुंगळीच्या आयुष्याची वाट लावायला पुरेशी आहे.

खांद्यापर्यंतचं माप घेण्यासाठी कॅलिपरच्या जबड्याला लावायचा कंपॅरेटर मिळतो. तो खांद्यावर ठरलेल्या व्यासाच्या रेषेवर टेकतो. .३०८ विंचेस्टरसाठी तो व्यास ०.४०० इंच, .२२३ रेमिंग्टनसाठी ०.३३० इंच. तुमच्याच रायफलमध्ये उडवलेल्या, प्रायमर काढलेल्या, सायझिंग न केलेल्या पाच-सहा पुंगळ्या मोजा. सर्वांत मोठं माप तुमच्या चेंबरच्या सर्वांत जवळचं. एकदाच उडवलेलं पितळ चेंबरचा पूर्ण आकार घेतंच असं नाही, म्हणून दोन-तीनदा उडवलेलं असेल तर उत्तम.

मग डाय बराच वर घेऊन सुरुवात करा. पुंगळीला वंगण लावा, सायझिंग करा, वंगण पुसा, मोजा. इथे नवशिक्याला चक्रावणारी एक गोष्ट घडते: सुरुवातीला खांद्याचं माप कमी न होता वाढतं. घाबरू नका. डाय आधी पोट आवळतो, त्यामुळे पितळ वर सरकून खांदा पुढे जातो. डाय आणखी खाली आल्यावरच तो खांद्याला गाठून मागे ढकलतो. तिथून पुढे डाय अगदी थोडा थोडा फिरवा. दहा अंशांची हालचाल म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटर.

बोल्ट रायफलसाठी खांदा ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर मागे गेला की पुरे. अर्धस्वयंचलित रायफलला काडतूस स्वतःहून बिनचूक बसायला हवं, म्हणून तिला ०.०८ ते ०.१० द्या. तिथे कंजुषी करू नका. माप मिळालं की डायची लॉकरिंग घट्ट करा आणि नवी खेप आली की पुन्हा तपासा, कारण कडक पितळ जास्त परत उसळतं.

कंपॅरेटर नसेल तर फायरिंग पिन आणि इजेक्टर (रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढलेल्या बोल्टने अंदाज येतो. सायझिंग केलेली रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करा. हँडल शेवटच्या टप्प्यात जरासं जड जाऊन मग खाली पडत असेल तर मोकळीक जवळजवळ शून्य आहे. तिथून डाय किंचित खाली.

कड असलेल्या आणि पट्टा असलेल्या पुंगळ्यांकडे जास्त लक्ष हवं. .३०३ ब्रिटिशचं काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं, .३०० विंचेस्टर मॅग्नमचं बुडाजवळच्या पट्ट्यावर. त्यामुळे खांद्यापाशी किती जागा रिकामी आहे याची चिंता कारखान्याला फारशी नसते, आणि चेंबर पुढे सैल असतात. ली-एनफील्डमध्ये बोल्टचे कुलूप-खांब मागच्या बाजूला असल्याने दाबाखाली बोल्ट थोडा दबतोही. अशा रायफलींसाठी पहिल्या बारानंतर सायझिंग खांद्याच्या मापानेच करा, कडेच्या किंवा पट्ट्याच्या भरवशावर नको.

प्रायमर फसवतो

चपटा झालेला प्रायमर बघून सगळे म्हणतात, दाब जास्त झाला. दर वेळी ते खरं नसतं. मोकळीक जास्त असेल तर प्रायमर आधी मागे सरकतो, मग ताणलेलं बूड मागून येऊन त्याच्यावर बसतं आणि त्याला चेपतं. कमी दाबाच्या काडतुसात बूड मागे यायला पुरेसा जोर नसतो, आणि प्रायमर बाहेर आलेलाच राहतो. दोन्ही खुणा मोकळिकीच्याच.

दाब खरोखर जास्त असेल तर सोबतीला आणखी लक्षणं येतात: बुडावर इजेक्टरच्या भोकाची चकाकती खूण, उचलायला जड बोल्ट, नवा प्रायमर सैल बसेल इतका रुंदावलेला खळगा. यातलं काही दिसलं तर डायशी खेळत बसू नका. भरणं थांबवा आणि छापील मार्गदर्शिकेतल्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा सुरू करा.

लांबी वाढणं

प्रत्येक बार आणि प्रत्येक सायझिंगनंतर पितळ थोडं पुढे वाहतं. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच आणि कापायची २.००५, .२२३ ची १.७६० आणि १.७५०. कमाल मर्यादा ओलांडलेल्या पुंगळीचं तोंड चेंबरच्या टोकाला अडकून गोळीला आवळतं आणि दाब भयंकर चढतो, म्हणून मोजणं टाळू नका. कापल्यावर आतली-बाहेरची कड साफ करा.

निदानासाठी महत्त्वाचं म्हणजे वाढीचा वेग. दर बाराला कापावी लागणारी पुंगळी काहीतरी सांगतेय. कापून टाकलेलं पितळ कुठून तरी आलेलं असतं. चार-पाचदा कापलेली पुंगळी आकड्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये, असं मी मानतो. कोरड्या मानेतून विस्तारक गोळा (डायमधला, मान आतून रुंदावणारा) किंचाळत वर येत असेल, तर तोही मान आणि खांदा पुढे ओढतो. मानेच्या आत ब्रशने थोडं वंगण लावलं की हे थांबतं.

तोंडाशी उभी चीर

ही सर्वांत जास्त दिसते आणि त्या मानाने सर्वांत कमी धोक्याची. पुंगळीची मान दर वेळी फुगते, डायमध्ये आवळली जाते, विस्तारक गोळ्याने पुन्हा रुंदावते. तार परत परत वाकवली की ती कडक होऊन मोडते, तसंच हे. चीर पडलेली पुंगळी बाद करा. चीर भरलेल्या काडतुसावर दिसली तर ते उडवू नका, गोळी काढून ते मोकळं करा.

एकाच गटात चिरा वाढू लागल्या तर बाकीच्या तापवून मऊ करता येतात, ज्याला अनिलिंग म्हणतात. उष्णता फक्त मान आणि खांद्याला द्यायची, काही सेकंद. पुंगळी ज्योतीत फिरत राहिली पाहिजे. पितळ लालभडक होऊ देणं म्हणजे अती झालं. आणि बूड कधीही, कोणत्याही कारणाने तापता कामा नये. मऊ झालेलं बूड दाब सोसत नाही आणि ते पुन्हा कडक करायचा घरगुती उपाय नाही. खात्री नसेल तर अनिलिंग करू नका, पुंगळ्या बदला.

नव्या पितळाला पहिल्या-दुसऱ्या बारातच चिरा पडत असतील तर गोळी धरायला तोंड जास्त आवळलं जातंय का, किंवा डाय मान फारच बारीक करतोय का, हे बघा. फार जुन्या, पारा असलेल्या प्रायमरच्या काडतुसांचं पितळ आतून ठिसूळ झालेलं असतं. ते भरायला घेऊच नका.

पोटावर उभा तडा

आधी तो तडाच आहे का हे ठरवा. डायमध्ये वाळूचा कण अडकला तर प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी उभा ओरखडा उमटतो. आत छोटा दिवा सोडून अंधारात बघा. उजेड बाहेर आला किंवा बाहेरून काजळी दिसली तर तडा.

मग दोष पितळाचा की चेंबरचा? बार उडवण्याआधी पुंगळीच्या वरच्या बाजूला मार्करने ठिपका द्या आणि तो ठिपका वर ठेवूनच चेंबरमध्ये घाला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुंगळ्यांना तडा किंवा फुगवटा ठिपक्यापासून त्याच अंतरावर येत असेल, तर चेंबरकडे बोट जातं. एकाच खेपेच्या पुंगळ्या कुठेही फाटत असतील तर ती खेप बाद. तडा बुडाच्या जाड भागापर्यंत उतरला असेल तर कारण सापडेपर्यंत ती रायफल वापरू नका.

बूड हातात आलं तर

बोल्ट उघडल्यावर फक्त आखूड बूड बाहेर आलं, तर उरलेली पुंगळी चेंबरमध्येच आहे. पुढचं काडतूस घालायचा प्रयत्न करू नका. ते पूर्ण बसणार नाही, आणि जोर केला तर बोल्ट नीट बंद न होताच बार उडू शकतो. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, मॅगझिन काढा, आणि तुटक्या पुंगळीसाठी मिळणाऱ्या त्याच कॅलिबरच्या एक्स्ट्रॅक्टरने ती काढा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, चेंबरला ओरखडे पडले की पुढच्या सगळ्या पुंगळ्या अडकतील.

डाय बरोबर लावूनही रेघ येतच राहिली, तर रायफलची हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर, गेजने (ठरलेल्या मापाच्या ठोकळ्यांनी) तपासून घ्यावी लागेल. .३०८ मध्ये बोल्ट १.६३० इंचाच्या गो गेजवर बंद व्हायला हवा आणि १.६३४ च्या नो-गो वर होता कामा नये. १.६३८ च्या फील्ड गेजवरही बंद झाला तर ती रायफल वापरातून काढायची. हे काम बंदूक-कारागिराकडे न्या, आणि सोबत सायझिंग न केलेल्या, चेंबरमधून निघाल्या तशाच पाच-सहा पुंगळ्या न्या. डायमधून गेलेल्या पुंगळीवरून चेंबरचं माप पुसलं गेलेलं असतं, तिचा त्याला काही उपयोग नाही.